दोर सुटल्यानंतर : पाण्याखालच्या सोबत्याचा इतिहास

एकट्याने प्रवास करणाऱ्याला एक मोठी सोय असते. कुठे उतरायचे, काय खायचे, कधी निघायचे हे कुणाला विचारावे लागत नाही. पण असा प्रवासी अंदमानातल्या स्वराज द्वीपावर (२०१८ पर्यंत याचे नाव हॅवलॉक होते) किंवा तांबड्या समुद्राकाठच्या हुरघाडा गावी स्कूबा बुडीसाठी गेला, की त्याचे हे स्वातंत्र्य पाण्याच्या काठाशी संपते. बुडी केंद्रातला माणूस त्याचे प्रमाणपत्र पाहतो, आजवर किती बुड्या मारल्या आणि शेवटची कधी मारली ते विचारतो, आणि मग त्याला एक जोडीदार नेमून देतो. हा जोडीदार परक्या देशाचा असू शकतो, त्याची भाषाही येत नसेल. तास-दीड तासापूर्वी दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नसते. तरीही पाण्याखाली एकाची हवा संपली, तर ती दुसऱ्याने द्यायची, हे दोघांनी गृहीत धरलेले असते.

यात एक गंमत आहे. 'स्कूबा' हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांचा बनलेला आहे आणि त्याचा अर्थ होतो 'पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन'. साधन जर स्वयंपूर्ण आहे, तर माणसाला जोडीदार कशाला? हा नियम कुणा भित्र्या माणसाने केला की अनुभवातून आला? त्याचा माग काढत गेले, तर दाब आणि वायू यांविषयी आपण वर्गात जे शिकवतो, त्यातला बराच भाग वाटेत भेटतो.

सुरुवात जुन्या बुड्यांपासून करू. तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या मन्नारच्या आखातात शतकानुशतके मोत्यांचे शिंपले काढले जात. तिथले पाणबुडे श्वास रोखून, पायाखाली जड दगड घेऊन तळ गाठत. दगड आणि शिंपल्यांची टोपली अशा दोन्हींना दोर बांधलेले असत आणि ते दोर नावेवरचा एक माणूस सांभाळी. खालून हिसका बसला की त्याने ओढायचे. शिवाय एका दगडावर दोन पाणबुड्यांचे काम चाले. एक खाली असताना दुसरा वर दम खाई आणि मग पाळी बदले. जपानमधल्या 'आमा' या बुडी मारणाऱ्या स्त्रियांतही एक प्रकार असा, की बायको वजन घेऊन झपाट्याने खाली जाणार आणि नवरा होडीतून दोर ओढून तिला वर घेणार. या लोकांना वायूचे नियम कुणी शिकवले नव्हते. पण खाली गेलेल्या माणसाचे एक टोक वर कुणाच्या तरी हातात असले पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

श्वास रोखून माणूस फार तर एक-दोन मिनिटे तळाशी राहणार. जास्त वेळ राहायचे तर हवा खाली न्यायला हवी. हे काम नीट जमवले ते एडमंड हॅली याने. धूमकेतूवाला हॅली तो हाच. १६९१ साली त्याने शिसे मढवलेली एक मोठी लाकडी घंटा तयार केली. पालथा पेला सरळ पाण्यात दाबला तर आतली हवा आतच राहते, हे आपण बादलीत करून दाखवतो. घंटेचे तत्त्व तेच. पण पेला जसजसा खोल जातो, तसतसे पाणी आत चढत जाते, कारण हवा दाबली जाते. हॅलीने यावर उपाय काढला. शिसे लावून जड केलेली हवेची पिंपे तो वरून सोडी, आणि त्यांतली हवा घंटेत ओढून घेतली की पाण्याची पातळी पुन्हा खाली जाई. या घंटेत तो आणि आणखी चौघे सुमारे ६० फूट खोलीवर दीड तासाहून अधिक वेळ बसले होते. कानात कुणी पिसाचे टोक खुपसावे तसे दुखते, असे त्याने लिहून ठेवले आहे. विमान उतरताना ज्यांचे कान दुखतात, त्यांना ही कल्पना यावी.

इथे आकडे एकदा डोळ्यांसमोर आणलेले बरे. समुद्रात दर १० मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर हवेचा स्वतःचा एक वातावरण दाब असतोच. म्हणून १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन आणि ३० मीटरवर चार वातावरण दाब होतो. रॉबर्ट बॉईलने १६६२ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते. हॅलीच्या घंटेत १८ मीटरवर वरची सुमारे पावणेतीन लिटर हवा एका लिटरच्या जागेत मावत होती. हा आकडा पुढे आपल्या एकट्या प्रवाशाच्या जिवाशी येणार आहे.

घंटेनंतर आला तांब्याचे शिरस्त्राण असलेला पोशाख. वरून पंपाने हवा मारायची, ती नळीतून पाणबुड्याच्या डोक्याभोवती यायची. १८३० च्या दशकात ऑगस्टस सीबी या कारागिराने लंडनमध्ये हा पोशाख पुरता बंदिस्त केला, आणि त्याची खरी परीक्षा पोर्टस्मथजवळच्या स्पिटहेडच्या समुद्रात झाली. तिथे १७८२ साली 'रॉयल जॉर्ज' ही प्रचंड युद्धनौका नांगरावर असतानाच बुडाली होती आणि तिच्याबरोबर आठशेहून अधिक माणसे गेली होती. तिचे अवशेष जहाजांच्या वाटेत अडथळा होऊन बसले होते. ते काढण्याचे काम १८३९ पासून १८४३ पर्यंत कर्नल चार्ल्स पॅस्ली यांच्या हाताखालच्या सैनिकांनी केले. पाणबुड्यांनी जोडीजोडीने काम करावे, असा हुकूम पॅस्लीने दिला. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या नियमाची ही पहिली लेखी नोंद मानतात.

हा हुकूम का द्यावा लागला, ते त्याच कामातल्या अपघातांवरून कळते. तेव्हाच्या शिरस्त्राणात हवा उलटी जाऊ न देणारी झडप नव्हती. एकदा एका सैनिकाची नळी वरच्या बाजूला फुटली. फुटल्या जागी दाब कमी आणि खाली माणसाभोवती पाण्याचा दाब जास्त. त्यामुळे शिरस्त्राणातली हवा नळीवाटे वर निसटली आणि सारे पाणी जणू त्याला त्या तांब्याच्या भांड्यात पिळून बसवू लागले. त्याचा चेहरा आणि मान सुजली, रक्त आले. तो वाचला तो वेळेवर ओढल्यामुळे. दुसऱ्या एकाची नळी अडकली, तेव्हा त्याने ती कापून टाकली आणि तसाच वर आला. जोडी म्हणजे दर वेळी गोडीगुलाबी असेच नव्हे, हेही याच कामात दिसले. तळाशी सापडलेल्या एका लाकडावरून दोघा पाणबुड्यांची चक्क मारामारी जुंपली आणि एकाच्या लाथेने दुसऱ्याच्या शिरस्त्राणाची काच फुटली. वरच्यांनी दोर ओढला म्हणून तो बुडाला नाही. म्हणजे जोडीदार असला, तरी शेवटी वाचवले ते दोरानेच.

आता धोक्याची दुसरी बाजू पाहू. ती डोळ्यांना दिसत नाही, आणि ती समुद्रात नव्हे तर नदीवरच्या पुलांत उघड झाली. पुलाचा पाया खोल घ्यायचा, तर नदीत तळ नसलेली मोठी पेटी सोडून तिच्यात दाबाची हवा भरत, म्हणजे पाणी बाहेर राही आणि मजुरांना आत खणता येई. मजूर आत असताना ठणठणीत असत. बाहेर आले, की तासाभरात सांधे धरत, कुणी वाकडा होऊन विव्हळे, कुणाचे पाय लुळे पडत, कुणी मरे. अमेरिकेत सेंट लुईसच्या पुलावर आणि नंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर हेच घडले. ब्रुकलिनचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली असाच आजारी पडला. पुढचे बरेचसे काम त्याला घरातूनच चालवावे लागले आणि त्याची पत्नी एमिली त्याचे निरोप कामावर नेत राहिली.

याचे कारण फ्रान्सच्या पॉल बेर याने १८७८ साली दाखवून दिले. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि पेशीजालात जास्त प्रमाणात विरघळतो. दाब एकदम उतरला की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोड्याची बाटली एकदम उघडून हे वर्गात दाखवता येईल. तीच बाटली अगदी हळूहळू, फुसफुस ऐकत उघडली तर फेस उसळत नाही, हेही लगेच दाखवावे, कारण उपाय तोच आहे. वर यायचे ते सावकाश.

सावकाश म्हणजे किती सावकाश? हे मोजून काढले स्कॉटलंडच्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. ब्रिटिश आरमारासाठी त्यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. दाबाच्या कोठीत ठेवून, वेगवेगळ्या वेगाने दाब उतरवून शेळीला त्रास होतो का ते पाहायचे. शेळी बोलून सांगू शकत नाही, पण सांधा दुखला की पुढचा पाय उचलून धरते. त्या उचललेल्या पायावरून नोंदी झाल्या. त्यांतून हाल्डेन यांना दिसले, की दाब निम्म्यावर आणला तर सहसा त्रास होत नाही, मग तो दोनावरून एक असो की सहावरून तीन. म्हणून पहिला टप्पा झटकन आणि पुढचे टप्पे थांबत थांबत घ्यायचे. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९०८ साली ही कोष्टके प्रसिद्ध केली. त्याआधी १९०६ मध्ये डॅमंट आणि कॅटो हे दोघे २१० फुटांपर्यंत जाऊन सुखरूप परतले होते. आज मनगटावर जे बुडी-संगणक बांधतात, त्यांच्या आतल्या हिशेबाचे मूळ या शेळ्यांच्या पायांत आहे.

या हाल्डेन यांचा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. ते १९५७ साली भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपण त्यांना आनुवंशिकीतले थोर नाव म्हणून ओळखतो. पण १९३९ साली 'थेटिस' ही पाणबुडी बुडून ९९ माणसे मेल्यावर, पाणबुडीतून सुटका कशी करावी याचा शोध घेण्यासाठी त्यांनी स्वतःला दाबाच्या कोठीत कोंडून घेतले होते. दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतल्यावर झटके येतात, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर पाहिले. त्यात त्यांच्या पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली. या प्रयोगांत एक जण आत आणि दुसरा बाहेरून पाहणारा अशी व्यवस्था असे. ज्याला झटका येतो, त्याला तो येणार हे स्वतःला कळत नाही. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांची गरज का असते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या कथेत पाणबुड्या बांधलेला आहे. दोराने, नळीने, साखळीने. त्यामुळे तो दूर जाऊ शकत नव्हता, पण एकटाही नव्हता. ही बांधणी सुटली १९४३ साली.

महायुद्धाचा काळ होता. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून लोक मोटारी दुसऱ्या वायूंवर चालवत. त्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने पॅरिसमध्ये एक झडप केली होती. इंजिनाने जेवढा वायू ओढावा, तेवढाच ती सोडी. नौदलातला अधिकारी झाक-ईव्ह कुस्तो त्याच्याकडे आला तो असाच एक प्रश्न घेऊन. इंजिनाच्या जागी माणसाची छाती ठेवली तर? बाटलीतली हवा कितीतरी पट दाबलेली आहे. ती माणसाने श्वास ओढताच, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने त्याच्या तोंडात यावी.

जानेवारी १९४३ मध्ये मार्न नदीत पहिली चाचणी झाली ती फसली. आडवे असताना साधन ठीक चाले. उभे राहिले की हवा आपोआप वाहून जाई, डोके खाली केले की श्वास ओढणे जड जाई. कारण विचार केल्यावर सापडले. श्वास सोडण्याचे तोंड आणि हवा देणारी झडप यांत थोडे अंतर होते, आणि पाण्यात तेवढ्या उंचीनेही दाब बदलतो. दोन्ही शेजारी आणल्यावर दोष गेला. नववी-दहावीच्या वर्गात द्रवाचा दाब शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. एवढ्याशा फरकावर एक यंत्र अडून बसले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदोल येथे कुस्तो ते साधन घालून समुद्रात उतरला. हा क्षण सहसा एकट्या माणसाचा म्हणून सांगितला जातो. दोर नाही, नळी नाही, माशासारखा मोकळा माणूस. पण त्याचे स्वतःचे वर्णन नीट वाचले तर चित्र वेगळे दिसते. त्याची पत्नी सिमोन श्वासनळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत होती आणि मुखवट्यातून खाली त्याच्यावर नजर ठेवून होती. तिने खूण केलीच, तर फ्रेदेरिक ड्यूमा किनाऱ्यावर तयार होता. श्वास रोखून बुडी मारण्यात त्या किनाऱ्यावर त्याचा हात धरणारा क्वचितच कुणी होता. दोर सुटला त्याच दिवशी दोराचे काम दोन माणसांनी उचलले होते. या लेखात मला सांगायचे आहे ते हेच. जोडीदार ही दोराच्या जागी आलेली वस्तू आहे.

ती वस्तू दर वेळी पुरत नाही, हे लवकरच कळले. १९४७ साली कुस्तोच्याच गटातला मोरिस फार्ग खोल जाण्याच्या प्रयत्नात दोराच्या आधाराने खाली गेला. दोराला ठरावीक अंतरावर पाट्या बांधल्या होत्या आणि तो त्यांवर सही करत जात होता. वर येणाऱ्या खुणा थांबल्या म्हणून त्याला ओढून घेतले, तेव्हा तोंडातली नळी सुटलेली होती. सुमारे १२० मीटरवरच्या पाटीवर त्याची सही होती. दाबाखाली नायट्रोजन मेंदूवर दारूसारखा चढतो. माणूस हसतो, विसरतो, निर्धास्त होतो. इथेही प्रश्न तोच. ज्याला चढली आहे, त्याला आपल्याला चढली आहे हे कळत नाही.

आणि एकट्या प्रवाशाचे काय? तोही इतिहासात आहे, किंबहुना ती आहे. युजिनी क्लार्क ही अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ १९४९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशियाच्या बेटांवर विषारी माशांच्या अभ्यासासाठी एकटी गेली. तिच्याजवळ स्कूबा नव्हते, होता तो मुखवटा. पालाऊ बेटांवर सियाकाँग नावाच्या स्थानिक मासेमाराने तिला भाला घेऊन पाण्याखाली मासा मारायला शिकवले. पुढच्या वर्षी ती शिष्यवृत्ती घेऊन इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी घरदाका येथील सागरी जीवशास्त्र केंद्रात गेली. तेव्हा ते वाळवंटाच्या कडेचे मासेमारांचे लहान गाव होते. १९५३ साली आलेले तिचे पुस्तक 'लेडी विथ अ स्पिअर' अनेक भाषांत गेले. प्रत्येक ठिकाणी ती परकी म्हणून पोचली आणि प्रत्येक ठिकाणी पाण्यात तिच्याबरोबर त्या पाण्याची माहिती असलेला माणूस होता. घरदाका म्हणजेच आजचे हुरघाडा. तिथे आता हॉटेलांची रांग आहे आणि युरोपातून विमाने भरून पाणबुडे येतात. सियाकाँगसारखा माणूस एका अभ्यासिकेला भेटला हे ठीक, पण हजारो पर्यटकांना तो कुठून मिळणार?

इथे कागदाच्या एका तुकड्याने मोठे काम केले. कुस्तोचे 'द सायलेंट वर्ल्ड' हे पुस्तक १९५३ साली आणि त्याच नावाचा चित्रपट १९५६ साली आला, आणि साधन दुकानात विकत मिळू लागले. पैसे दिले की कुणीही पाठीवर बाटली बांधून पाण्यात. यातले काही वर आलेच नाहीत. अशांपैकी बऱ्याच जणांनी केलेली चूक साधी होती. घाबरून श्वास रोखून वर येणे. १० मीटरवरून छातीभर हवा घेऊन वर आले, तर ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटते. याला दोन-तीन मीटरचे अंतरही पुरते. तोंड बंद केलेल्या इंजेक्शनच्या नळीत मार्शमेलो किंवा थोडासा फुगवलेला लहान फुगा ठेवून दट्ट्या ओढला, तर तो कसा फुगतो हे मुलांना दिसते. हा प्रयोग एकदा पाहिलेला मुलगा 'श्वास रोखू नका' हा नियम विसरणार नाही.

मग शिकवण्याच्या संस्था निघाल्या. ब्रिटनमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब, अमेरिकेत १९५० च्या दशकात लॉस एंजेलिस परगण्याचा आणि वायएमसीएचा अभ्यासक्रम, १९६० साली नावी, १९६६ साली पॅडी. अमेरिकेत बालवीरांच्या पोहण्याच्या शिबिरांत मुलांच्या जोड्या पाडण्याची पद्धत आधीपासून होती. शिट्टी वाजली की प्रत्येकाने जोडीदाराचा हात धरून वर करायचा. ज्याचा हात एकटाच वर, त्याचा सोबती कुठे आहे ते आधी शोधायचे. सहलीला पोरे नेणाऱ्या आपल्या शिक्षकांना ही युक्ती नवी वाटणार नाही. 'बडी' हा शब्द आणि हीच रीत पाणबुड्यांच्या अभ्यासक्रमात शिरली.

शिक्षण पुरे केल्यावर मिळणारे कार्ड म्हणजे एका अर्थी परक्यांमधला करार आहे. ज्याच्याकडे ते आहे त्याला ठरावीक खुणा येतात. अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे सगळे ठीक. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, तर 'वर चल'. गळ्यावरून आडवा हात म्हणजे हवा संपली. मराठी माणूस आणि जर्मन माणूस जमिनीवर एकमेकांशी चार वाक्ये बोलू शकणार नाहीत, पण २० मीटरखाली एकमेकांचा जीव वाचवू शकतील. पूर्वी हवा वाटून घ्यायची म्हणजे एकच तोंडनळी आळीपाळीने ओठांत धरायची. घाबरलेला माणूस ती परत देईना, आणि दोघेही अडचणीत येत. पुढे प्रत्येकाच्या साधनाला जास्तीची एक तोंडनळी लावण्याची पद्धत रूढ झाली, ती जोडीदारासाठीच.

हिशेब करून पाहा. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० पट दाबलेली हवा म्हणजे वरच्या मापाने सुमारे २४०० लिटर. शांत माणसाला मिनिटाला २० लिटर लागतात असे धरले, तर पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून अर्धाच तास. त्यातही परतीचा साठा राखायचा. घाबरला किंवा प्रवाहाशी झगडला तर खर्च दुप्पट-तिप्पट. असा माणूस काट्याकडे पाहायचे विसरतो. अशा वेळी शेजारी राखीव हवेसह दुसरे कुणी असणे, हा सगळ्या नियमाचा गाभा आहे.

तरीही या नियमावर गेली तीसेक वर्षे वाद चालू आहे, आणि तो निरर्थक नाही. नेमून दिलेला जोडीदार नावापुरताच असतो, अशी एकट्या प्रवाशांची जुनी तक्रार. छायाचित्र काढणारा एका खेकड्यापाशी पंधरा मिनिटे रेंगाळतो, त्याचा सोबती केव्हाच पुढे गेलेला असतो. अननुभवी जोडीदार हा आधार नसून ओझे होतो. यातून १९९९ साली अमेरिकेतल्या एका प्रशिक्षण संस्थेने एकट्याने बुडी मारण्याचा रीतसर अभ्यासक्रमच सुरू केला. त्यात हवेचा दुसरा स्वतंत्र साठा जवळ बाळगणे ही पहिली अट आहे. वय किमान २१, आणि आधी शंभर बुड्यांची नोंद हवी. मला हे प्रामाणिक वाटते. त्यांनी जोडीदार काढून टाकला, पण त्याची हवा ठेवली. त्याचे डोळे मात्र कुठल्या सिलिंडरमध्ये भरून नेता येत नाहीत.

दुसरी घटना जोडी पुरेशी मानणाऱ्यांना विचारात पाडणारी आहे. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पर्यटकांची एक नाव बुड्या संपवून परत फिरली. एक अमेरिकन दांपत्य मागेच राहिले होते. पेशाने दोघेही शिक्षक, पॅसिफिकमधल्या बेटांवर शिकवून परतीच्या वाटेवर होते. जोडीचा नियम त्यांनी पाळलाच होता, पण वर नावेत डोकी चुकीची मोजली गेली. ते नाहीत हे दोन दिवसांनी लक्षात आले. दोघे पुन्हा सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलँड राज्याने डोकी मोजण्याचे आणि तशी नोंद ठेवण्याचे नियम कडक केले. मन्नारच्या नावेवर दोर धरून बसणारा माणूस ज्या कामासाठी होता, ते काम शेवटी एका कागदावर आले.

आपल्याकडे स्कूबा उशिरा आले. १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी बुडालेले अवशेष शोधले, ते या साधनाच्या जोरावर. पर्यटकांसाठीच्या बुड्या लक्षद्वीपला १९९० च्या दशकात आणि अंदमानला त्यानंतर रुजल्या. मालवणला तर आता सहलीचा तो ठरलेला कार्यक्रम झाला आहे. १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, पोहता न येणारी माणसेही उथळ पाण्यात उतरतात. तिथे प्रशिक्षक पाहुण्याची बाटली धरूनच असतो. पर्यटकाला ते कधी कधी अपमानास्पद वाटते. पण तो दोराचाच प्रकार आहे, इतकेच.

मालवणहून परत निघणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बुडीनंतर शरीरातला जादा नायट्रोजन निघून जायला तास लागतात, आणि त्याआधी उंचीवर गेले की बाहेरचा दाब कमी होऊन बुडबुड्यांना वाव मिळतो. विमानासाठी सध्याचा सल्ला असा, की एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे. सुमारे ६०० मीटरहून उंच रस्त्यांनाही हाच सल्ला लागू धरतात. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. प्रशिक्षकाबरोबर चार-सहा मीटरवर केलेल्या पहिल्या बुडीने फारसे बिघडत नाही. पण दिवसभरात दोन-तीन खोल बुड्या मारून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे बेळगावची गाडी पकडायचा बेत असेल, तर तो बदलून रात्र किनाऱ्यावरच काढावी. एकट्या प्रवाशाला तेवढी मोकळीक असतेच.